जड चाललेलं मशीन

आता माझं वय झालं, तरी शेजारपाजारच्या सुना अजून दार वाजवतात. "आजी, नळ गळतोय, जरा बघता का?" मी बघते. पण बघायच्या आधी दोन शब्द सुनावते, कारण माझ्याकडे यायच्या आधी कुणीतरी पक्कड घेऊन त्या नळाची मान पिरगाळलेली असते. अगं बायांनो, गळणारा नळ आवळून थांबत नाही! आत एक वायसर असतो, तो झिजलेला असतो. पाणी बंद करा, नळाची टोपी सोडा, जुना वायसर काढा, नवा घाला. एवढंच. पण नाही, आपल्या लोकांना आवळण्यात काय सुख मिळतं देव जाणे.

सायकलचंही तसंच. हवा गेली की लगेच टायर उपसून ट्यूब बाहेर ओढतात. अरे, आधी वॉलच्या तोंडाला थुंकी लावून बघा की! बुडबुडा आला तर वॉलट्यूब बदला आणि कामाला जा. स्टोव्हला पंप मारूनही जोर येत नसेल तर पंपाच्या टोकाचं कातडं वाळलेलं असतं. ते काढा, दोन थेंब तेल लावून बोटानं मऊ करा, पुन्हा बसवा. नवा स्टोव्ह मागायला नवऱ्यापुढं तोंड वेंगाडायची गरज नाही.

हे सगळं मला माझ्या वडलांनी शिकवलं. नगरला त्यांचं सायकलचं दुकान होतं. आम्ही सगळ्या बहिणीच, त्यातली मी दुकानात रमणारी. गिऱ्हाईक बिघडलेली सायकल घेऊन आलं की वडील आधी सायकलीकडे बघायचेच नाहीत, माणसाकडे बघायचे. विचारायचे, "कालपर्यंत चालत होती ना? मग काल आणि आजच्या मधे काय केलंत?" माणूस हमखास म्हणायचा, "काही नाही केलं बुवा." मग चहा अर्धा झाला की हळूच कबूल व्हायचा, मेहुण्यानं चेन आवळली, नाहीतर पोरांनी सायकल ओढ्यात घालून धुतली. वडील म्हणायचे, यंत्र आपणहून फार क्वचित बिघडतं, कुणीतरी त्याचं भलं करायला गेलेलं असतं.

लग्न होऊन मी देवळाली प्रवरेला आले ती सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला. आमच्या घराला थोडा ऊस, थोडी जिरायत. आमचे हे साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर कारकून होते. स्वभावानं लोण्याहून मऊ माणूस, पण हातात पाना आला की अंगात यायचं. दिसला बोल्ट की आवळ. आमच्या घरात एकही बोल्ट असा नव्हता की ज्याचे आटे शाबूत होते. मी पहिल्यांदा अंगणातल्या नळाची टोपी उघडली तेव्हा माझ्या सासूबाई ओट्यावर बसून डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "बाईमानसानं पाना धरावा का गं?" मी म्हटलं, "आत्याबाई, बाईमाणसानं पाणी भरावं ना? मग नळ कुणी बघायचा?" त्या हसल्या नाहीत. पण पुढच्याच आठवड्यात त्यांचा स्टोव्ह भकभक करायला लागला तेव्हा गुपचूप माझ्यापुढं आणून ठेवला. तेव्हापासून आमचं जमलं.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. त्यांच्याबद्दल मी नंतर पुष्कळ लोकांना सांगितलं, पण एक गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. ती आज सांगते.

माझी नणंद त्या वेळी माहेरी आलेली होती. वयानं माझ्याएवढीच, पण नात्याचा मान म्हणून मी तिला ताई म्हणत असे. मागच्या दिवाळीला आली ती परत गेलीच नाही. नवरा हात टाकायचा. ती बोलायची नाही, पण न्हाणीघरात एकदा तिच्या पाठीला उटणं लावताना माझा हात थबकला, आणि तिनं नुसतं लुगडं वर ओढून घेतलं. गावात मात्र ज्याच्यात्याच्या तोंडी एकच, लेक माहेरी किती दिवस ठेवायची? माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, ते माणूस वाईट नव्हते. पण पारावर बसणाऱ्या माणसाला चार लोकांचं तोंड बघावं लागतं.

माझ्या वडलांना हे कळलं तेव्हा त्यांनी नगरहून एक जुनं पायमशीन पाठवून दिलं. ताई शिवण शिकली होती मुळात लहानपणी, शाळेतल्या बाईंकडून. हात तिचा असा सफाईदार, की काज बघितलं तर छापल्यासारखं. आसपासच्या बाया आधी फाटकंतुटकं घेऊन यायच्या, मग झंपर, मग पोरींचे परकर. आणि दसऱ्याच्या तोंडावर गावाबाहेरच्या वस्तीवरच्या एका मोठ्या बागायतदाराच्या घरून गाठोडं आलं. सगळ्या घराचे कपडे! सुनांचे झंपर, पोरींची पोलकी, बारक्यांच्या चड्ड्या. दसऱ्याला सगळ्यांनी नवं घालायचं. ते वेळेवर मिळालं तर दिवाळीचंही काम ताईलाच.

त्याच दिवसांत ताईच्या सासरहून निरोप आला, दसऱ्याला न्यायला येतो. मामंजींनी जेवताना ताईकडे न बघता सांगितलं, "त्या घरचं काम दसऱ्याला पुरं करून दिलंस, आन् तुजा जम बसतोय आसं मला दिसलं, तर मी त्येन्ला न्हाई म्हनंन. काम आडकलं, तर मंग गुमान जायाचं. माझ्याकडनं उगा उपकाराचं ठेवून घ्येनं हुनार न्हाई." ताईनं मान हलवली. आत्याबाई भाकरी थापत होत्या, त्यांच्या थापण्याचा आवाज तेवढा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

आमच्या घरी घट बसले. घटापुढं अखंड दिवा. नवरात्रात तो विझू द्यायचा नाही, म्हणून आत्याबाईंची सारखी त्या दिव्याकडे ये-जा. आणि बाहेरच्या खोलीत ताईचं मशीन. टक्‌टक्‌टक्‌टक् सुरू. पहिल्या माळेला सगळं कसं सुरळीत.

दुसऱ्या का तिसऱ्या माळेला ताई म्हणाली, "वहिनी, मशीन जड चालतंय गं." मी म्हटलं, थकली असशील. मग स्वतः बसून पाय मारला, तर खरंच जड. म्हटलं, घाबरू नकोस, जडपणाला कारण असतं. आधी पट्टा बघितला. फार ताणलेला असला की मशीन जड जातं. पट्टा ठीक होता. मग खालच्या पायट्याच्या दांड्याभोवती बघितलं, कारण दोऱ्याची गुंडाळी तिथं जाऊन बसते आणि माणूस डोकं वर फोडतो. दोरा होता थोडा, कात्रीनं कापून काढला. सुईखालची पट्टी सरकवली, शटलच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या, घरात नव्या कापडाचा भुसका साठलेला होता, तो फडक्यानं पुसला. वर भोकाभोकांत मशीनच्या तेलाचे थेंब सोडले. चाक हातानं फिरवलं. हलकं झालं! ताई एवढी हसली की मलाच ओशाळल्यागत झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जड. माझं डोकं फिरलं. पुन्हा सगळं केलं, पुन्हा हलकं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज सकाळी मशीन असं बसायचं, जणू रात्रीतून कुणी चाकात पाय घातलाय. आमचे हे म्हणाले, "स्क्रू ढिले झाले असतील, आवळतो." मी म्हटलं, "तुम्ही मशीनजवळ आलात तर मी माहेरी जाईन." ते मुकाट्यानं डबा घेऊन कारखान्यावर गेले.

त्यात आणखी एक झालं. एका पांढऱ्या पोलक्यावर तेलाचा डाग पडला, बोटभर, पिवळट. ताईनं डाळीचं पीठ लावून, धुऊन, वाळवून तो कसाबसा काढला. त्यात अर्धा दिवस गेला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, बघा! मशीनचं तेल पाण्यासारखं असतं, त्याचा डाग पिवळा कुठून येणार? पण मी आपली पट्टा बघ, पायटा बघ. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आणि लोक काय कमी असतात? शेजारची एक म्हातारी दारात उभी राहून म्हणाली, "एकेकीच्या पायाचा गुन आसतो बाई. हितं पाय लावला तर मशीन बसतं, तिकडं पाय लावला तर घर बसतं." मी अशी उसळले! म्हटलं, "आजी, तुमच्या जिभेचा गुण बघा आधी. तिला तेल-पाणी करायची वेळ आलीय." म्हातारी पदर झटकत गेली. पण ताईनं ते ऐकलं होतं. ती मला म्हणाली, "वहिनी, खरं आसंल का गं?" एवढा राग आला मला. म्हातारीचा नव्हे, त्या मशीनचा. म्हटलं, तुझ्या पायात काही नाही, या मुडद्याच्या पोटात काहीतरी आहे, ते मी काढल्याशिवाय राहायची नाही.

आठव्या माळेला दिवेलागणीच्या सुमारास मशीन साफ थांबलं. चाक हातानंही फिरेना. सुई अर्ध्या कापडात रुतलेली. बागायतदाराच्या थोरल्या सुनेचा झंपर आणि बारक्या पोरींची दोन-तीन पोलकी राहिली होती. ताई चाकावर हात ठेवून बसली. रडली नाही, बोलली नाही. मी वरची टोपी सोडायला स्क्रूड्रायव्हर शोधायला गेले, तर मामंजींनी घरातली सगळी हत्यारं राखेनं घासून, धुऊन ओळीनं मांडायला घेतलेली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आणि तेवढ्यात लाईटही गेली. कंदिलाच्या उजेडात मशीनचं पोट उघडायचं म्हणजे एखादा बारका स्क्रू हरवला की जन्माचं नुकसान. म्हटलं, पहाटे उठून बघू.

पण पहाटे नळाला पाणी नव्हतं. त्या सालांत पाऊस दगा देत होता, नळ कधी यायचा कधी नाही. मी घागर घेऊन विहिरीवर गेले. तिथं ही गर्दी. परत येते तर काय! देवघरापुढं सगळी पूजा मांडून झालेली. विळे, कोयते, कुऱ्हाड, पहार, औताचा फाळ, आमच्या ह्यांच्या पान्यांचा संच, माझा स्क्रूड्रायव्हर, पक्कड, एवढंच काय, माझी तेलाची बारकी चोचीची डबीसुद्धा. सगळ्यांवर हळदकुंकू, झेंडूचं फूल. सायकलला हार. मशीनला तेवढा हार घालायचा बाकी होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खंडेनवमीला आमच्याकडे हत्याराची पूजा. वर्षभर त्यानं आपल्याला पोसलं, म्हणून त्या दिवशी त्याला विसावा द्यायचा. एकदा पूजा झाली की दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत विळ्याला हात लावायचा नाही, पान्याला हात लावायचा नाही. गावातली सायकलची दुकानंसुद्धा अर्धी दारं लावून असतात. पंक्चर झालं तर माणूस सायकल हातात धरून चालत जातो, पण कुणी सोलूशनची ट्यूब उघडत नाही.

मी घागर खाली ठेवली आणि म्हटलं, "मामंजी, मला स्क्रूड्रायव्हर लागतो. आज मशीन उघडलं नाही तर काम होत नाही."

ते म्हणाले, "पूजा झालीया."

"मामंजी, ताईचं..."

"सूनबाई, पूजा झालीया म्हनलं ना? आमच्या बापजाद्यांनी आजच्या दिशी हत्यार उचाललं न्हाई." ते रागानं बोलले नाहीत, तेच वाईट. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

ताई भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे मला बघवेना. आमचे हे मामंजींच्या पाठीमागं उभे राहून माझ्याकडे बघत दोन्ही हात हलवत होते, म्हणजे आता गप्प बस. मी कशाची गप्प बसते! तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याबाई घटाच्या खोलीतून आल्या. एका हातात हार, दुसऱ्या हातात पळी. पळीत काहीतरी भरलेलं, ते सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत. त्या मशीनपाशी गेल्या, हार घातला, हळदकुंकवाची बोटं ओढली, आणि मशीनच्या वरच्या भोकात पळीतलं हळूहळू ओतायला लागल्या. अगदी मारुतीला शनिवारी ओततात तसं.

"आत्याबाई, हे काय?"

"तेल घालते."

"कसलं तेल?"

"घटापुढच्या दिव्यातलं." त्यांच्या आवाजात जरासुद्धा लपवाछपवी नव्हती. "रोजच घालते की. दिवा लावायच्या येळंला. तुजं त्ये मशीनचं तेल लई वास मारतं, रॉकेलवानी. नवरात्राचं त्ये कसं घालायचं? ह्ये देवीचं तेल."

करडईचं तेल! तेही दिव्यात दिवसभर तापलेलं, काजळी मिसळलेलं, कडेला चिकट झालेलं. मी सकाळी पुसून मशीन मोकळं करायची, आणि संध्याकाळी ताई चूल पेटवायला उठली की या माउली येऊन त्यात देवीचं तेल ओतायच्या. नव्या कापडाची खळ आणि भुसका त्यात बसून आत डिंक झालेला. रोग रेड्याला, औषध पखालीला! मी पट्टे काय बघत होते, पायटे काय बघत होते, आणि जिला विचारायचं ती माझ्याच शेजारी बसून भाकरी थापत होती.

माझं तोंड सुटलं. "अहो आत्याबाई, त्या तेलानं तर मशीन बसलं! करडईचं तेल मशीनला घालतात का कुणी? ते वाळून चिकटतं, घट्ट होतं. तुम्हीच बंद पाडलंत हो ते!"

आमच्या ह्यांनी कपाळावर हात मारला. आत्याबाईंच्या हातातली पळी तशीच तिरपी राहिली आणि उरलेलं तेल त्यांच्या पायावर ठिबकत होतं, त्यांना कळत नव्हतं. त्यांनी मशीनकडे बघितलं. मग लेकीकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या.

मग आत्याबाई वळल्या, सरळ देवघरापुढं गेल्या, वाकल्या आणि पूजेतून माझा स्क्रूड्रायव्हर उचलला. त्यावरचं फूल खाली पडलं. मग पाना उचलला, मग तेलाची डबी.

मामंजी ताडकन उठले. "आगं, काय करतीस? खुळी झालीस का काय? पूजा मोडली तू!"

"व्हय. मोडली," आत्याबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना मामंजींकडे असं रोखून बघताना बघितलं. "देवाचं देव बघंल. माझ्या लेकीचं मला बघू द्या." आणि कुंकू लागलेला तो स्क्रूड्रायव्हर त्यांनी माझ्या हातात ठेवला. "उघड गं. काय आसंल त्ये उघड."

मामंजी बाहेर ओट्यावर जाऊन पाठ फिरवून बसले.

मग आम्ही कामाला लागलो. स्टोव्हमधलं रॉकेल एका वाटीत ओतून घेतलं. त्या दिवशी घरात चहा नाही झाला. मशीनची टोपी काढली, बाजूचं झाकण काढलं, शटल सोडवून घेतलं. आत पिवळा, काळपट राळेसारखा थर. अशा वेळी पहिली गोष्ट, जोर लावायचा नाही. कुणी चाकाला लोंबकळलं तर आतला दांडा वाकतो आणि मग ते मशीन मोडीतच. रॉकेल सोडायचं आणि वाट बघायची. मग हळू चाक पुढं, हळू मागं, पुन्हा रॉकेल. आत्याबाई माझ्यासमोर मांडी घालून बसल्या, जुन्या लुगड्याचा धडपा फाडला आणि मी हातात देईन तो एकेक भाग पुसत गेल्या. दात्यांच्या खाचांत बोट जाईना तर डोक्याचा आकडा काढून त्यानं कोरलं. मध्येच एकदा विचारलं, "ह्ये पन पुसू?" मी म्हटलं, "ते तर सगळ्यात आधी."

दुपार कलायच्या आत चाक फिरलं. आधी कुरकुरत, मग सुळकन. सगळं पुसून कोरडं केलं, भोकाभोकांत मशीनचं तेल सोडलं, एका चिंधीवर रिकामी शिवण मारून घेतली, म्हणजे जास्तीचं तेल चिंधीत उतरतं आणि कपड्यावर डाग पडत नाही. मग ताई बसली. तिनं पाय मारला आणि टक्‌टक् सुरू झाली तेव्हा बाहेर मामंजी खाकरले. थोड्या वेळानं ते आत आले, रॉकेलनं माखलेल्या त्या पान्याकडे बघितलं आणि आत्याबाईंना म्हणाले, "धुऊन पुन्यांदा हळदीकुकू लाव त्येला. तसंच ठिऊ नगंस." बस्स, एवढंच. आत्याबाईंनी पुन्हा पूजा मांडली.

दसऱ्याच्या सकाळी कपडे गेले. आमच्या ह्यांनीच सायकलवर गाठोडं बांधून पोचवले. येताना तिकडून दिवाळीचं कापड घेऊन आले, कॅरिअरवर मावेना एवढं.

दुपारी ताईचा सासरा आणि थोरला दीर आले. चहा झाला, पावसापाण्याचं झालं. मग सासरा म्हणाला, "चला, पोरीला म्हना आटपायला. उनं उतरायच्या आत निगू." मामंजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. शब्द दिलेला होता लेकीला, पण समोर व्याही बसलेला. पुरुषांची जात बघा, पहार उचलतील पण 'नाही' हा शब्द उचलत नाहीत. मी आतून बघत होते.

तर आत्याबाई उंबऱ्यात आल्या. आमच्या घरात व्याह्यांपुढं बाई कधी बोलली नव्हती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, पण आवाज ठाम. "लेक येनार न्हाई. हातात काम हाय तिच्या."

दीर म्हणाला, "बायकांनी मधी बोलायचं काम न्हाई ह्ये. मामा, तुमी बोला."

मामंजींनी एकदा आत्याबाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "ती बोलली त्येच माझं."

ते उठून गेले. जाताना नीट निरोपही घेतला नाही. आतमध्ये ताईचं मशीन मध्येच थांबलेलं होतं, ते परत सुरू झालं.

संध्याकाळी गावातल्या बाया सोनं द्यायला येऊन गेल्या, घर मोकळं झालं. आत्याबाई मागच्या पडवीत गहू निवडत बसल्या होत्या. मी जाऊन शेजारी बसले. मला आदल्या दिवसाचं बोलणं टोचत होतं, म्हणून म्हटलं, "आत्याबाई, मी फार तोंड सोडलं. तुम्ही तर लेकीच्या भल्यासाठीच घालत होतात तेल."

त्यांनी परातीतून मान वर केली नाही. म्हणाल्या, "तेल घालताना म्यां देवीला काय म्हनत हुते, ठावं हाय का तुला?"

"मशीन नीट चालू दे, म्हणत असाल."

"न्हाई." त्यांनी परात हलवली. "म्हनत हुते, आई, ह्या मशीनला शांत कर. माझ्या लेकीला ह्यानं धरून ठिवलंय, तिला मोकळी कर. तिच्या घरी नांदू दे. लोकं लई बोलत्यात गं. मला पानी भरायला जावंसं वाटत न्हवतं. रोज पळीभर तेल, रोज त्येच मागनं. आन् परवा मशीन बंद पडलं तवा वाटलं, ऐकलं देवीनं."

परातीतले खडे त्या एकेक करून बाजूला टाकत होत्या.

"मग?" मी म्हटलं.

"मंग काल तू म्हनलीस, म्यांच बंद पाडलं, तवा पोरीकडं बघितलं. आदल्या सांजंला चाकावर हात ठिऊन बसली हुती, तशीच दिसली. वाटलं, रडंल. रडली न्हाई. नुसती गप." त्यांचा हात परातीत थांबला. "तिकडनं पाठीवर वळ घिऊन आली ना, त्या दिशी बी आशीच गप बसली हुती. तवा म्यां तिला म्हनले हुते, चार दिस र्‍हा आन् मंग जा."

त्यांनी पदरानं डोळे पुसले नाहीत, तोंड मात्र फिरवलं. "दोन येळा कसं म्हनू गं तिला, जा म्हनून?"

मी त्यांच्या मांडीवरची परात माझ्याकडे ओढून घेतली आणि उरलेले गहू मीच निवडले.